निखाऱ्यावरचे टोमॅटो आणि नागलीची भाकरी

पालघर जिल्ह्यांतील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत भाकऱ्या भाजून झाल्या म्हणजे चुलीचें काम संपलें असें कोणी मानीत नाहीं. जळतीं लांकडें मागें ओढून विझवितात. परंतु चुलीच्या तोंडाशीं पसरलेला निखारा तसाच राहूं देतात, आणि त्याच्या उरल्या उष्णतेवर कांहीं ना कांहीं भाजून निघतें. कधीं सुका बोंबील, कधीं दोन मिरच्या, कधीं वांगें, कधीं रानांतला कंद. आणि अलीकडच्या काळांत टोमॅटो. राखेंतून काढलेल्या टोमॅटोची करपलेली साल चिमटीनें ओढावी, लसूण, मिरची व मीठ यांच्याबरोबर तो ठेचावा, कीं नागलीच्या भाकरीला तोंडीलावणें तयार. या पदार्थाला निराळें असें नांव नाहीं आणि त्याची कृति कोणी लिहून ठेवलेली नाहीं. शहरांतील घरांत थोड्या फेरफारानें हेंच तोंडीलावणें भट्टींत भाजून करतां येतें, आणि तें जेवणाच्या पानांत डाव्या बाजूला वाढण्याजोगें होतें. तें कसें करावें हें तर येथें सांगावयाचें आहेच. पण तो टोमॅटो आणि ती भाकरी कोठून येतात हेंहि त्याबरोबर सांगितलें पाहिजे, कारण त्यावांचून या पदार्थाचें मोल कळणार नाहीं.

जव्हार हें १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचें संस्थान होतें. त्या वर्षीं तें मुंबई प्रांतांत विलीन होऊन ठाणें जिल्ह्यांत गेलें, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर जव्हार व मोखाडा त्यांत आले. समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फुटांवरच्या या मुलखांत वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी आणि कातकरी यांची वस्ती आहे. सखल जागीं भात, आणि डोंगराच्या उतारावर नागली, वरई, उडीद व खुरासणी, ही येथली जुनी शेती होय. शहरांत जिला नाचणी म्हणतात तिलाच येथें नागली म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर शेवळा, पुढें कोळीची भाजी, टाकळा, कुर्डू अशी रानभाजी. आणि वर्षभर पुरवून वापरावयाची सुकी मासळी. या जुन्या यादींत टोमॅटोचा पत्ता नाहीं.

नसणारच. टोमॅटो हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याची लागवड वाढली मेक्सिकोंत, आणि त्याचें नांवहि तेथल्या नाहुआट्ल भाषेंतलें. पोर्तुगीजांच्या गलबतांतून जीं फळें व भाज्या हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागल्या त्यांच्या मेळ्यांतला तो एक. मिरची आणि बटाटा यांना मराठी स्वयंपाकघरानें मोकळ्या मनानें घरांत घेतलें. टोमॅटोला मात्र पुष्कळ दिवस ओसरीवर तिष्ठत ठेवलें. त्याचा लाल गर कित्येक सोंवळ्या घरांना रक्तामांसाची आठवण करून देई, म्हणून तो वर्ज्य. त्याला कोठें वेलवांगें म्हणाले, कोठें बेलवांगें, वऱ्हाड-नागपुराकडे भेदरें. वांग्याशीं त्याचें नातें जोडणाऱ्यांनीं वनस्पतिशास्त्र वाचलें नव्हतें, तरी नातें बरोबर जोडलें. दोघेंहि एकाच कुळांतलीं आहेत. आणि नातेवाइकांना एकाच रीतीनें वागवावें या न्यायानें जें वांग्याचें भरीत तेंच टोमॅटोचें भरीत, ही कल्पना ज्या कोणा बाईला प्रथम सुचली तिनें फारसा विचार केला नसेल. चुलींत वांगें भाजत होतें, त्याशेजारीं तिनें टोमॅटो सरकवला.

मोखाड्याच्या घरांत टोमॅटो येतो तो बहुधा पूर्वेकडून. जव्हारहून मोखाडा, त्र्यंबकेश्वर अशा वाटेनें नाशिक सुमारें ऐशीं किलोमीटरांवर आहे, आणि नाशिक जिल्ह्यांतील पिंपळगांव बसवंत ही टोमॅटोची देशांतील मोठ्या बाजारपेठांपैकीं एक. भातकापणी आणि दिवाळी झाली कीं जव्हार-मोखाड्यांतील कुटुंबेंच्या कुटुंबें गांव सोडतात. कोणी भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, कोणी नाशिककडे शेतमळ्यांवर मजुरीला. होळीपर्यंत परत यावयाचें, हा नेम. मळ्यावरून परततांना गांठोड्यांत ज्या चार वस्तु असतात त्यांत डाग लागलेले, बाजारांत न चालणारे टोमॅटो असणें स्वाभाविक आहे.

मळ्यावर हा टोमॅटो कधीं सोनें असतो, कधीं माती. ऑगस्ट २०२१ मध्यें नाशिक जिल्ह्यांत त्याचा भाव किलोला दोन-तीन रुपयांपर्यंत उतरला, तेव्हां शेतकऱ्यांनीं भरलेले क्रेट रस्त्यावर ओतले. आणि जुलै २०२३ मध्यें शहरांतल्या गृहिणींना तोच टोमॅटो किलोला शंभर रुपयांहून अधिक देऊन घ्यावा लागला. नाशवंत मालाचें असेंच असतें: लागवड सगळ्यांनीं एकाच वेळीं केली कीं तोडणीहि एकाच वेळीं येते, आणि पिकलेला टोमॅटो कोणासाठीं थांबत नाहीं. स्वस्ताईच्या आठवड्यांत दोन किलो अधिक आणून ते भाजून ठेवणें, एवढेंच शहरांतल्या घराच्या हातीं आहे. तें फार नाहीं, पण अगदींच कांहीं नाहीं असेंहि नव्हे.

मग मोखाड्यांतच टोमॅटो कां पिकवूं नये, असें कोणी विचारील. पाऊस तेथें धो धो पडतो; पण कातळावरून वाहून जातो. त्या डोंगरांतून उतरणाऱ्या वैतरणेवर बांधलेल्या धरणांचें पाणी नळांतून मुंबईला पोंचतें, आणि एप्रिल-मे महिन्यांत मोखाड्याच्या कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईच्या स्वयंपाकघरांत टोमॅटो ज्या पाण्यानें धुतला जातो त्याचा एक भाग या डोंगरांतला असतो, हें धुणाऱ्या हाताला ठाऊक असावयास हरकत नाहीं. ज्या घरांजवळ सांडपाणी साचतें तेथें परसांत दोन-चार रोपें लावतात. मांडवावर काकडी आणि वाल, खालीं टोमॅटो. पावसाळा सरल्यावर अशीं रोपें थंडीभर थोडीं थोडीं फळें देतात. तीं आकारानें लहान, खाचा पडलेलीं आणि भलतींच आंबट असतात. परंतु भाजण्यासाठीं त्यांच्यासारखीं दुसरीं नाहींत.

नागलीशीं या आंबटपणाचें चांगलें जमतें, आणि तें केवळ जिभेपुरतें नव्हे. शंभर ग्रॅम नागलींत साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें. तितक्याच तांदुळांत तें दहाहून क्वचितच अधिक. लोहहि नागलींत आहे. मात्र धान्यांतलें आणि पालेभाजींतलें लोह शरीर सहजासहजीं घेत नाहीं. त्याबरोबर 'क' जीवनसत्त्व पोटांत गेलें तर तें अधिक घेतलें जातें, आणि जेवणावर लगेच चहा प्यालें तर कमी. टोमॅटोंत हें जीवनसत्त्व आहे. भाजतांना त्यांतलें कांहीं नाहींसें होतें हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. म्हणून वाढतांना वर लिंबाचे चार थेंब पिळावे किंवा एखाद्या कच्च्या टोमॅटोच्या बारीक फोडी मिसळाव्या. उलट त्याचा लाल रंग ज्या द्रव्यामुळें येतो तें लायकोपीन शिजल्यावर आणि तेलाच्या संगतींत शरीराला अधिक मिळतें. ज्या बाईनें भाजलेल्या टोमॅटोवर तेलाची धार सोडली तिनें हा हिशेब केला नव्हता. तिला चव कळत होती.

येथें एक खुलासा अवश्य आहे. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी भागांत बालकांचे मृत्यु झाले आणि कुपोषण हा शब्द सर्व महाराष्ट्राला परिचित झाला. त्या दुःखावर टोमॅटोचा उतारा सुचविणें हा क्रूरपणा होईल. जेथें भाकरीच अपुरी तेथें तोंडीलावण्याची चर्चा काय करावयाची? राज्यशासनानें २०१५ मध्यें सुरू केलेल्या अमृत आहार योजनेंत आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडींत एक वेळचें पूर्ण जेवण देण्याची व्यवस्था झाली, ती याच जाणिवेनें. भाकरी पोटभर असली म्हणजे मगच तिच्या शेजारचा आंबट-तिखट घांस तिला अधिक उपयोगी करतो. एवढें लक्षांत ठेवून आतां कृतीकडे वळावें.

टोमॅटो पिकलेले पण घट्ट हवेत. बोटानें दाबल्यावर खड्डा पडून तसाच राहिला तर तो टोमॅटो सारासाठीं ठेवावा. बाजारांत लांबट, जाड सालीचे जे येतात ते दूरच्या प्रवासासाठीं निवडलेल्या जातींचे; भाजल्यावर ते आकार चांगला धरतात, मात्र आंबटपणा कमी पडतो. गांवठी मिळाले तर तेच घ्यावे. लिहून घेणाऱ्या श्रोत्यांसाठीं चार माणसांचें प्रमाण असें: मध्यम आकाराचे आठ टोमॅटो, म्हणजे वजनानें अर्ध्या किलोहून थोडे अधिक, नागलीची एक शिळी भाकरी, भाजलेल्या शेंगदाण्यांचें जाडसर कूट दोन मोठे चमचे, लसणीच्या सहा पाकळ्या, लहान चमचाभर मीठ, सुपारीएवढा गूळ, मूठभर कोथिंबीर, आणि दोन मोठे चमचे तेल. तेल शेंगदाण्याचें चालेल. खुरासणीचें मिळालें तर या पदार्थाला जव्हारचा वास येईल. हिरव्या मिरचीचें प्रमाण दुसऱ्याच्या घरासाठीं सांगण्याचें धाडस कोणीं करूं नये.

टोमॅटो धुऊन, पुसून, देंठाची बाजू वर धरून मधोमध आडवे कापावे. उभे कापल्यास बियांचे कप्पे बंद राहतात. आडवे कापल्यास ते सारे उघडे पडतात आणि बोटानें बिया व पाणचट रस सहज निघतो. हा रस टाकूं नये, आमटींत घालावा. अर्ध्या फोडींना आंतून मीठ चोळून त्या चाळणीवर पालथ्या घालाव्या आणि पाव तास तशाच राहूं द्याव्या. टोमॅटोंत शेंकडा चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग पाणी असतें. मीठ त्यांतलें थोडें बाहेर ओढतें. हें पाणी आधीं काढलें नाहीं तर टोमॅटो भाजत नाहींत, आपल्याच रसांत उकडतात. भाजलेल्याची आणि उकडलेल्याची चव निराळी, हें वांगें ज्यांनीं दोन्ही रीतींनीं खाल्लें आहे त्यांना सांगावयास नको.

तेवढ्या वेळांत भाकरी हातानें कुसकरून तव्यावर मंद आंचेवर कोरडी, कुरकुरीत करावी. फ्रान्सच्या दक्षिणेस प्रोव्हान्स प्रांतांत टोमॅटो याच रीतीनें कापून त्यांवर पावाचा चुरा, लसूण आणि तेथली कोथिंबिरीसारखी पाल्याची वनस्पति पसरून भाजतात. शहरांतल्या उपाहारगृहांतून जो भाजलेला टोमॅटो मिळतो तो त्याच घराण्यांतला. पावाचा चुरा रस प्याला कीं लगदा होतो. नागलीचा चुरा रस पितो, तरी दांताखालीं जाणवतो. शिवाय शिळ्या भाकरीला याहून सन्मानाचा शेवट मिळणें कठीण. लसूण, मिरची व गूळ एकत्र ठेचून त्यांत भाकरीचा चुरा, कूट, निम्मी कोथिंबीर आणि एक चमचा तेल मिसळावें. मीठ आधींच फोडींना लागलेलें आहे, म्हणून सारणांत चव पाहूनच घालावें.

फोडी सरळ करून त्यांत हें सारण हलक्या हातानें भरावें. दाबून भरूं नये. दाबलें कीं वरचा थर करपतो आणि आंतला ओला राहतो. कांठ असलेल्या पसरट भांड्याला तेलाचें बोट फिरवून फोडी एकमेकींना टेकवून मांडाव्या, म्हणजे त्या परस्परांच्या आधारानें उभ्या राहतात. उरलेलें तेल वरून शिंपडावें. विजेची भट्टी, जिला हल्लीं सर्वत्र ओव्हन म्हणतात, ती आधीं दहा मिनिटें दोनशें अंशांवर तापवून घ्यावी आणि त्यांत हें भांडें तीस ते पस्तीस मिनिटें ठेवावें. फोडींचे कांठ सुरकुतले, वरचा चुरा तपकिरी झाला आणि भांड्याच्या तळाशीं थोडा दाट रस जमून बुडबुडूं लागला, म्हणजे झालें. घड्याळापेक्षां या तीन खुणांवर अधिक विश्वास ठेवावा, कारण दोन भट्ट्या एकसारख्या तापत नाहींत. विजेचा खर्च एका ताटलीला जो येतो तोच भरल्या भट्टीला. म्हणून चारच टोमॅटोंसाठीं भट्टी पेटवणें ही उधळपट्टी होय.

भट्टी नसलेल्या घरीं जाड बुडाची लोखंडी कढई घ्यावी. तींत दोन बोटें जाडीचा स्वच्छ, कोरड्या वाळूचा थर पसरून, वर घट्ट झांकण ठेवून ती मध्यम आंचेवर दहा मिनिटें तापवावी. मग वाळूवर एक कडें ठेवून त्यावर टोमॅटोचें भांडें बसवावें आणि पुन्हां झांकावें. चाळीस ते पंचेचाळीस मिनिटें लागतात. वरून उष्णता कमी मिळत असल्यामुळें चुरा तितका तपकिरी होत नाहीं. तो आधींच तव्यावर चांगला परतून घेतला असला म्हणजे उणीव भासत नाहीं. पूर्वीं झांकणावर निखारे ठेवून ही अडचण दूर करीत. चूल असलेल्या घरीं तें आजहि करतां येईल.

भांड्याविषयीं मात्र हयगय चालणार नाहीं. कल्हई उडालेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत टोमॅटो हमखास कळकतो, आणि कळकलेलें अन्न खाण्याजोगें राहत नाहीं. उघड्या ॲल्युमिनियमलाहि आंबट पदार्थ सोसत नाहीं. पोलादी ताट, कांचेचें भट्टीजोगें भांडें किंवा मातीचें पसरट परळ उत्तम. परळांत भाजलेल्या टोमॅटोला जी चव येते ती इतर भांड्यांत येत नाहीं, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. आणि त्यांचें म्हणणें खोडून काढण्याचें कारण दिसत नाहीं.

आतां मूळची रीत. जव्हार-मोखाड्याकडे सहलीला जाऊन शेकोटी पेटवणाऱ्या मंडळींना ती विशेष उपयोगी. ज्वाळेंत टोमॅटो टाकूं नये. ज्वाळा बसून निखाऱ्यावर राखेची पांढरी साय चढली म्हणजे वेळ झाली. अख्खा टोमॅटो सुरीच्या टोकानें एकदां टोंचावा, नाहींतर आंतल्या वाफेनें तो फुटतो. केळीच्या किंवा पळसाच्या पानांत तो गुंडाळून वर ओल्या पानाचा दुसरा वेढा द्यावा आणि निखाऱ्याच्या कडेला, मधोमध नव्हे, राखेंत पुरावा. दहा-बारा मिनिटांनीं बाहेरचें पान जळतें, आंतलें काळवंडतें आणि टोमॅटो मऊ होतो. पानांत गुंडाळून भाजण्याची ही युक्ति टोमॅटोसाठीं निघालेली नाहीं; मासे आणि पिठाच्या पानग्या यांच्यासाठीं ती किनाऱ्यापासून घाटापर्यंत फार जुनी आहे. पानाशिवाय नुसत्या राखेंत भाजला तरी चालतो. मात्र साल करपते आणि ती काढून टाकावी लागते. या रीतीनें निराळें जळण लागत नाहीं, ही तिची मोठी किंमत. रानांतून डोक्यावर मोळी आणणाऱ्या बाईला काडीचा हिशेब ठेवावाच लागतो, आणि भाकरीसाठीं पेटलेल्या चुलीवर कोरड्यासहि भाजून घेणें हा त्या हिशेबांतलाच भाग आहे.

भाजलेले टोमॅटो गरम असतांनाच वाढावे; उरलेली कोथिंबीर वर घालावी. नागलीच्या भाकरीशीं ते उत्तम लागतात, ज्वारीच्या भाकरीशींहि शोभतात. पोळीबरोबर थोडे पोरके वाटतात. वरण-भाताच्या पानांत दोन फोडी पुरे. सुकट खाणाऱ्या घरांत मूठभर भाजलेली सुकट सारणांत मिसळली, तर कूट निम्मेंच घ्यावें आणि मीठ अजिबात घालूं नये. भांड्याच्या तळाशीं उरलेला दाट रस भाकरीच्या तुकड्यानें पुसून घेण्याचा मान स्वयंपाक करणारीचा. तो तिनें कोणाला देऊं नये. दुसऱ्या दिवसासाठीं ठेवावयाचे असल्यास फोडी चिनी मातीच्या किंवा कांचेच्या भांड्यांत झांकून शीतकपाटांत ठेवाव्या; दोन दिवस टिकतात. चुरा तोंवर मऊ पडलेला असतो, म्हणून त्या कुसकरून दह्यांत कालवाव्या आणि वर जिऱ्याची फोडणी द्यावी.